दिवा लागल्यापासूनचं अंतर

“किल्ली द्या,” हिंदुराव म्हणाला.

तो अंगणात उभा होता. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. माझ्या बायकोचं, शालनचं, उत्तरकार्य आदल्या दिवशीच झालं होतं. दारातला मांडव अजून सोडला नव्हता. आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ सकाळी सकाळी येऊन, पाणीसुद्धा न घेता, माझ्याकडं गाडीची किल्ली मागत होता.

गाडी त्याचीच होती. शालनच्या पोटात गाठ निघाली तेव्हा सलाइनमधून औषध चढवायला तिला वरचेवर कोल्हापूरला न्यावं लागायचं. एसटीतून तिला हाल सोसायचे नाहीत म्हणून त्यानं आपली पांढरी गाडी आजऱ्याला आमच्या दारात आणून लावली होती. डिझेल तो भरायचा, सर्व्हिसिंग तो करायचा, चालवायचो मी. मी वीज मंडळात वायरमन होतो. मंडळाची जीप चालवून हात बसला होता.

“न्या की,” मी म्हणालो. “तुमचीच आहे.”

“न्यायला न्हाई आलो. तपासायला आलोय.”

“काय तपासायचं?”

“तुम्हीच म्हणालासा न्हवं? उत्तूरच्या पुढं पुलाजवळ इंजिनचा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. मल्लू मेस्त्रीकडं मशीन आलंय. गाडीला जोडलं की काय बिघडलं होतं ते सगळं ओकतंय म्हणं. जोडू या. तुमच्यासमोर.”

माझी मुलगी ऊर्मिला दारात येऊन उभी राहिली. ती पुण्याला असते. आई गेल्याचं कळल्यावर आली ती तशीच राहिली होती. इतके दिवस माणसांची ये-जा होती म्हणून हिंदुराव दात ओठ खात गप्प होता. आता कुणी नव्हतं.

“मामा, हे आत्ता कशाला?” ती म्हणाली.

“आत्ता न्हाई तर कधी? पोरी, मी कोल्हापुरात दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर धरून उभा हुतो. डॉक्टरला थांबवून धरलेला. ह्यांना फोनावर फोन लावतोय, उचलत न्हाईत. उचलला तेव्हा काय म्हणाले? ‘गाडी बंद पडली. शालन गेली.’ दोन वाक्यं. आणि तीच बंद पडलेली गाडी घेऊन हे परत घरी आले. बंद पडलेली गाडी चालू कशी झाली?”

“लूज कॉन्टॅक्ट असंल,” मी म्हणालो. “थंड झाल्यावर लागली.”

“तो तुमचा खांबावरचा फ्यूज न्हवं, दाजी. मी आठवडाभर आधी सर्व्हिसिंग केलंय तिचं. आणि माझा ड्रायव्हर पाठवतो म्हणालो, तर ‘नको, मीच आणतो’ म्हणालासा. का?”

“शालनला परक्या माणसाबरोबर नको होतं.”

“आक्काचं नाव पुढं करू नका.”

“तिचं नाव घ्यायला तुमची परवानगी लागती?”

“बाबा,” ऊर्मिला म्हणाली. तिचा आवाज हिंदुरावपेक्षा हळू होता पण मला तोच जास्त लागला. “मामा म्हणतोय तर बघू या ना. तुम्हाला कशाची भीती आहे?”

हिंदुराव माझ्याकडं बघत राहिला. मग तिला म्हणाला, “मशीननं बिघाड दाखवला तर मी तुझ्या बापाच्या पाया पडतो. न्हाई दाखवला तर तू आत्ता माझ्याबरोबर गडहिंग्लजला यायचं. ह्या घरात राहायचं न्हाई.”

मला वाटलं ती म्हणेल, असं काय बोलतोस.

“चहा घेऊन जाऊ,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

हिंदुराव शेवटी चपला काढून सोप्यात बसला.

“गाडी मागं पत्र्याखाली आहे,” मी म्हणालो. “दारात आणतो. तिचं पांघरूण पण अजून आतच आहे.”

पत्र्याखाली गेलो. शालनचं पांघरूण मागच्या सीटवर तसंच होतं, उशी पण. मी ती काढून बाहेर दोरीवर टाकली. मग बॉनेट उचललं, आवाज न करता.

गाडीचं इंजिन मला फार कळत नाही. पण वायर कळते. हवा आत घेणारा जाड काळा पाइप असतो, त्याच्यावर एक छोटा प्लग असतो. मागं एकदा तो सैल झाला होता तेव्हा इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला मी पाहिला होता. तो प्लग मी काढला. गाडी चालू केली. गाडी धूर सोडत कण्हली आणि दिवा लागला. गाडी बंद केली, प्लग परत दाबून बसवला, टक् आवाज येईपर्यंत. पुन्हा चालू केली. इंजिन नीट चाललं. दिवा तसाच होता.

आमच्या कामात तुटलेली तार कधी तुटली ते कुणी सांगू शकत नाही. सकाळी तुटली की महिन्यापूर्वी, ती तुटलेली तार असते, बस. जोडली की जोडली. आणि लूज कॉन्टॅक्टसारखा फॉल्ट नाही. तो शोधायला गेलं की सापडत नाही आणि नाही म्हणून कुणी सिद्ध करू शकत नाही. बत्तीस वर्षं मी हेच शिकलो होतो. गाडीचंही तसंच असणार असं मी धरून चाललो.

गाडी दारात आणली. ऊर्मिला कपबशा घेऊन उभी होती.

“एवढा वेळ काय करत होता?” तिनं विचारलं.

“आईचं पांघरूण काढत होतो.”

तिनं मागं दोरीकडं पाहिलं. तिचे डोळे भरले. मला चहा देताना तिचा हात माझ्या हातावर थोडा वेळ राहिला.

हिंदुरावच चालवायला बसला. मी शेजारी, ऊर्मिला मागं. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागले आणि विझले. एक राहिला. तो त्यानं पाहिला. गावातून बाहेर पडेपर्यंत तो सारखा त्या दिव्याकडं बघत होता.

“दिवा हाय,” तो म्हणाला.

“म्हणालो होतो,” मी म्हणालो.

“पण मी त्याच्या आठवडाभर आधीच सगळं बघून घेतलेलं.”

“बघितलं म्हणजे बिघडत नाही असं थोडंच आहे?”

“ऑइल बदललं, फिल्टर बदलला…”

“तुम्हालाच फार घाई झालेली माझी मापं काढायची. आता गाडीची काढा.”

चढावर तिसरा गिअर टाकायचा तिथं हिंदुरावनं पाचवा टाकला. गाडी हिसका देऊन बंद पडली. मागून ट्रकनं हॉर्न मारला. हिंदुराव वीस-बावीस वर्षं गाडी चालवत होता. मी त्याच्या हाताकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. खरं म्हणजे मला त्या वेळी बरं वाटत होतं. दहा-बारा दिवस त्याचं बोलणं मी ऐकून घेतलं होतं. स्मशानात चारचौघांत तो म्हणाला होता, ‘खांबावर चढणाऱ्यानं खांबावरच चढावं.’

मल्लू मेस्त्रीचं गॅरेज गावाबाहेर गडहिंग्लज रस्त्याला होतं. पत्र्याची शेड, समोर दोन मोकळे टायर बसायला. मल्लू चाळिशीचा, जाडजूड, बोलघेवडा माणूस. आम्हाला बघून त्यानं हात पुसले आणि चेहरा पाडला.

“काकूंचं कळलं,” तो म्हणाला. “लई वाईट झालं. चांगल्या माणसालाच देव…”

“मशीन काढ,” हिंदुराव म्हणाला.

“सर्व्हिसिंग आत्ताच केलंय की मालक.”

“मशीन काढ म्हणतोय न्हवं. आणि ह्या दोघांसमोर वाच. काय आलं ते मोठ्यानं सांग.”

मल्लूनं माझ्याकडं पाहिलं, ऊर्मिलेकडं पाहिलं. बोलायचं सोडून तो आत गेला आणि जाड पुस्तकाएवढं एक काळं यंत्र घेऊन आला. त्याला वायर होती. स्टिअरिंगच्या खाली वाकून त्यानं वायरचं टोक आत कुठंतरी बसवलं. किल्ली अर्धी फिरवली. यंत्राच्या काचेवर अक्षरं आली. ऊर्मिला दार उघडून वाकून बघत होती. मी बॉनेटजवळ उभा राहिलो.

“एक बिघाडाचा कोड हाय,” मल्लू म्हणाला.

“कसला?”

“हवेच्या सेन्सरचा. इंजिनात किती हवा जाती ते मोजतोय त्यो.” तो बाहेर आला, बॉनेट उचललं, मी हात लावलेलाच प्लग त्यानं चिमटीत धरून हलवला. “आत्ता तर बरोबर बसलाय. कधीतरी निघाला असणार.”

“लूज कॉन्टॅक्ट,” मी म्हणालो.

“तसंच दिसतंय काका.”

“ह्यानं गाडी बंद पडती?” हिंदुरावनं विचारलं.

मल्लूनं मान खाजवली. “एकदम बंद अशी न्हाई पडत. ओढ जाती. धूर सोडती. पण चढाला, वजन असलं, तर पडंल की. पडती कधी कधी.”

“म्हणजे पडली असंल.”

“असंल.”

हिंदुराव मागं सरकला आणि टायरवर बसला. मग त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

“पोरी,” तो म्हणाला, “माझी गाडी. मीच दिली. भाड्याची करा म्हणालो असतो तर भाड्याची झाली असती. ॲम्ब्युलन्स बोलावली असती. मीच म्हणालो, आपली असताना कशाला.”

“मामा, तसं काही नाही.”

“तसंच हाय. मी वाचवायला दिलेल्या गाडीनं मारलं तिला.” तो उठला आणि माझ्याकडं आला. “दाजी, पाय पुढं करा. मी बोललो हुतो.”

“राहू दे,” मी म्हणालो.

“राहू दे कसं? शब्द दिलाय.”

तो खरंच वाकला. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, सिमेंट-लोखंडाचा मोठा व्यापारी, गॅरेजमधल्या ऑइलच्या डागांवर गुडघा टेकून माझ्या पायाला हात लावत होता. गाडी बंद पडली असं मी म्हणालो तेव्हा ती गाडी कुणाची आहे याचा मी विचारच केला नव्हता. आता तो विचार माझ्या पायाशी होता. मी तोंड उघडलं. पण त्याआधीच मल्लू बोलला.

“थांबा मालक. अजून हाय.”

तो आपला बटणं दाबत बसला होता. नवं यंत्र होतं. सगळं दाखवायची त्याला हौस होती.

“ह्यात त्येबी येतंय. दिवा लागल्यापासून गाडी किती धावली.”

“किती?” ऊर्मिलेनं विचारलं.

“चार किलोमीटर.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो लांब जाईपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो.

हिंदुराव गुडघ्यावरून उठला. “घरापासून हितंपर्यंत किती?” त्यानं मल्लूला विचारलं.

“असंल की… तेवढंच. चार.”

“आणि उत्तूरच्या पुढं पूल हाय, काजूच्या बागेजवळचा. तिथून घर?”

“तीस तरी.” मल्लूच्या आता ध्यानात आलं. तो घाईघाईनं म्हणाला, “मशीनचं एवढं खरं धरू नका मालक. नवीन हाय. मला अजून नीट…”

“तू गप.” हिंदुराव माझ्याकडं वळला. तोपर्यंत तो मला कायम ‘तुम्ही’ म्हणायचा. लग्नात तो चौदा वर्षांचा होता, तेव्हापासून. “पुलाजवळ दिवा लागला म्हणालास. तिथून आक्काला घेऊन तीस किलोमीटर घरी आलास. मग मशीन चार कसं म्हणतंय? दिवा आज लागलाय. आज सकाळी लागलाय.”

मी बॉनेटकडं बघितलं.

“तू काढलास प्लग. सोप्यात मला बसवून मागं जाऊन काढलास.”

“बाबा,” ऊर्मिला म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं नाही.

“बाबा, तुम्ही पांघरूण काढत होता ना?”

“ते पण काढलं.”

हिंदुरावनं माझी कॉलर धरली. मल्लू मध्ये आला, त्याला त्यानं कोपरानं ढकललं. “गाडी चांगली हुती! चांगली गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून बसलास. का? कटाळलास? दीड वर्षात कटाळलास बायकोला? सांग!”

“मामा, सोड त्यांना.”

“सांगू दे आधी!”

“सांगतो,” मी म्हणालो. “हात काढ.”

मीही त्याला पहिल्यांदाच एकेरी बोललो. त्यानं हात काढला.

मी सांगितलं. आज लिहितोय तसंच सांगितलं, कमी-जास्त काही नाही.

त्या दिवशी सकाळी शालनला श्वास घेता येत नव्हता. हिंदुरावचा फोन आला, बेड मिळालाय, घेऊन या, ह्या खेपेला श्वासाच्या मशीनवर ठेवतील, मग बघू. मी तिला मागच्या सीटवर झोपवलं. उत्तूर गेलं. पुलाच्या अलीकडं ती म्हणाली, “थांबवा.” मला वाटलं उलटी होतेय. थांबवलं. ती म्हणाली, “मला तिथं नेऊ नका.” मी म्हणालो, हिंदुराव वाट बघतोय. ती म्हणाली, “म्हणून तर. तो मला मरू देणार न्हाई. नळ्या घालून ठेवील. मला आता झेपत न्हाई हो.” मी म्हणालो, मग परत घरी जाऊ. म्हणाली, “घरी गेलं की लोक जमतील, तो येईल, परत नेतील. हितंच थांबा जरा.” मी मागं जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. हिंदुरावचा फोन वाजत होता. ती म्हणाली, “उचलू नका.” मग म्हणाली, “त्याला सांगू नका मी असं म्हणाले. त्याच्या जिवाला लागंल.” त्यानंतर ती फारसं बोलली नाही. ती गेल्यावरही फोन वाजतच होता. मी उचलला. त्यानं विचारलं, “कुठं हाय?” मला काहीतरी सांगायचं होतं. तोंडात आलं ते बोललो, गाडी बंद पडली.

मी सांगायचं थांबलो. मल्लू खाली बघत होता. हिंदुरावच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“झालं?” तो म्हणाला.

“झालं.”

“आक्का आदल्या रात्री माझ्याशी फोनवर बोलली. मी म्हणालो, तू फक्त ये, बाकी माझ्यावर सोड. ‘येते’ म्हणाली. मला. स्वतःच्या तोंडानं.”

“तुला ‘येते’ म्हणाली. मला ‘थांबवा’ म्हणाली.”

“खोटं.”

“खरं आहे.”

“परवा गाडीच्या नावावर खपवलंस, आज तिच्या नावावर खपवतोस. मेलेलं माणूस काय उठून न्हाई म्हणतंय व्हय? आणि ती सांगू नका म्हणाली असली तर आत्ता सांगितलंस कशाला?”

मी कॉलर सारखी केली.

“सकाळी बायकोच्या पांघरुणाच्या आड प्लग काढणारा माणूस,” तो म्हणाला, “दुपारी खरं बोलतोय. मल्लू, तुझा इश्वास बसतोय?”

“मला ह्यात घालू नका मालक.”

ऊर्मिला गाडीच्या दाराला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं बघायचं मी टाळत होतो, पण ती पुढं आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. लहानपणी ती खोटं बोलली की मी तिला असाच समोर उभा करायचो.

“आई माझ्याबद्दल काय म्हणाली?” तिनं विचारलं.

“कधी?”

“तेव्हा. तुमच्या मांडीवर. मी पुण्यात होते. माझ्याबद्दल काय म्हणाली?”

मी आठवून पाहिलं. आठवायची गरज नव्हती, मला सगळं पाठ होतं.

“काही नाही,” मी म्हणालो.

“काहीच नाही?”

“नाही.”

“माझं नाव पण नाही घेतलं?”

“नाही ऊर्मी. श्वास नव्हता तिला.”

“मामाबद्दल बोलायला होता. मामाला सांगू नका म्हणायला होता.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी अजून काही बोलेन म्हणून वाट बघत होती. हिंदुरावसुद्धा थांबला होता. मग ती वळली आणि गाडीत बसली, पुढच्या सीटवर, मी आलो होतो त्या जागी.

“दिवा पुसू का मालक?” मल्लूनं हळूच विचारलं. “एक बटण दाबलं की कोड जातोय.”

“राहू दे,” हिंदुराव म्हणाला. “दिसू दे मला.”

“तसा त्यो आपोआप जाईलच. तीन-चारदा गाडी नीट चालली की जातोय.”

“जाईल तवा जाईल.” त्यानं वायर स्वतः उपटून मल्लूच्या हातात दिली. गाडीत बसता बसता मला म्हणाला, “तिचं सामान ड्रायव्हर येऊन नेईल. तिच्या आईचं पांघरूण पण दे त्यात.”

गाडी गडहिंग्लजच्या बाजूला वळली. ऊर्मिलेनं मागं वळून पाहिलं नाही. मल्लूनं चहा मागवला. मी घेतला नाही. घरी चालत आलो, पांघरूण दोरीवरून काढलं आणि तिच्या बॅगेत घालून बॅग दारात ठेवली.

हिंदुराव पुन्हा माझ्या दारात आला नाही. माझ्या निवृत्तीला नाही, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला नाही. बाजारात समोरासमोर गाठ पडली तर रस्ता बदलायचा, आणि नाही बदलता आला तर थुंकायचा. त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका माझ्या शेजारच्या घरात आली, माझ्याकडं नाही. ऊर्मिला वर्षश्राद्धाला यायची. स्वयंपाक करायची, पान वाढायची, गोळ्या संपल्या का विचारायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जायची. मला ‘बाबा’ म्हणायची. आईचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. सांगायचं होतं ते मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितल्यानं ते जास्त खरं झालं नसतं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत दुपारी तिचा फोन आला. ती एरवी दुपारी करत नाही.

“मामाला कोल्हापुरात ठेवलंय,” ती म्हणाली. “महिना झाला.”

“कळलंय मला.”

“यकृत गेलंय पूर्ण. मी चार दिवस इथंच आहे.”

“बरं.”

“त्याला घरी जायचंय. मुलं ऐकत नाहीत. मामी म्हणते, लोक काय म्हणतील, पैशासाठी बापाला घरी आणलं म्हणतील. मी पण नको म्हणाले. रोज भांडतोय सगळ्यांशी. काल सलाइन उपटली.”

“मला कशाला सांगतेस?”

तिच्या मागून दवाखान्यातला आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी लिफ्टसाठी हाका मारत होतं.

“तोच म्हणाला. ‘त्या वायरमनला बोलव,’ म्हणाला. ‘गाडी घेऊन बोलव. ह्या सगळ्यांत त्यालाच एकट्याला ऐकू येतंय.’”

मी खुर्चीत बसलो.

“शुद्धीवर आहे का तो?”

“चांगला शुद्धीवर आहे. शिव्या देतोय तुम्हाला.” ती हसली की रडली ते फोनवर कळलं नाही. “मी त्याला विचारलं, मामा, तू तर म्हणायचास बाबा खोटं बोलले. तर म्हणाला, ‘खोटंच बोलला तो, पोरी. गाडीचं खोटं बोलला. आक्काचं न्हाई.’ मी म्हटलं, कशावरून? म्हणाला, ‘गॅरेजात तू विचारलंस तेव्हा त्याच्याकडं बघितलं मी. खोटं बोलायचं असतं तर तुझं नाव घातलं असतं त्यानं. फुकटचं हुतं. ते पण घातलं न्हाई.’”

“कधी कळलं त्याला हे?”

“तेही विचारलं. म्हणाला, ‘त्याच दिवशी. गडहिंग्लजला पोचायच्या आत.’”

इतकी वर्षं तो बाजारात थुंकत होता ते आठवलं. शालन म्हणाली होती तसं त्याच्या जिवाला लागलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही थुंकलो असतो.

“बाबा? ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“भाड्याची गाडी करा. ड्रायव्हर नको म्हणतोय तो, तुम्हीच चालवायची म्हणतोय. डॉक्टरांच्या कागदावर मी सही करते. मामी आरडाओरडा करेल, ते मी बघते.”

“रस्त्यात काही झालं तर तुझ्यावर येईल.”

“येऊ दे.”

“सगळे म्हणतील, बापासारखीच निघाली.”

“म्हणू देत. आणि बाबा…” ती थांबली. “ह्या खेपेला मी पण गाडीत असणार. मागं, मामाजवळ. तो काय म्हणेल ते मला पण ऐकायचंय.”

तिला साक्षीदार म्हणून बसायचं होतं की माझ्याबरोबर, ते मी विचारलं नाही.

“बस,” मी म्हणालो.